अलीकडे अरुंद, पलीकडे रुंद

मराठीत सायलेन्सर या शब्दाचा अर्थ उलटा झाला आहे. ‘पोराने गाडीला नवा सायलेन्सर टाकला’ असे मुंबईच्या उपनगरात कोणी म्हणाले, तर ऐकणाऱ्याला गाडी शांत झाली असे कधीच वाटत नाही. आता रात्री साडेअकराला खिडकीच्या काचा हादरणार, एवढे तो समजून घेतो. शब्द इंग्रजांचा. अमेरिकेत याच वस्तूला मफलर म्हणतात, म्हणजे गळ्याभोवती गुंडाळायचा. १८९७ साली अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या रीव्हज बंधूंनी इंजिनाचा आवाज गिळणाऱ्या पिंपाचे पेटंट घेतले, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत पहिल्या मोटारी आल्या. जमशेटजी टाटा त्यांच्या आरंभीच्या मालकांपैकी एक. मुंबईने मोटार पाहिली तेव्हा तिला शांत करण्याची युक्ती जगात येऊन चुकली होती. तरीही सव्वाशे वर्षांनंतर धुराच्या नळीचा व्यास, तिचा आवाज आणि गाडीची ताकद या तीन वेगळ्या गोष्टी आपण एकाच पोत्यात भरतो. हा लेख त्या पोत्यातली एकच गोष्ट बाहेर काढण्यासाठी आहे : टर्बोचार्जर बसवलेल्या, तीनचारशे अश्वशक्तीच्या पुढच्या मोटारीला धुराची नळी किती इंची हवी, आणि हे कोणी, कुठे, कसे शोधून काढले.

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही, खार दांड्यात सापडला. खार दांडा हा मुंबईच्या जुन्या कोळीवाड्यांपैकी एक. दक्षिणेला कार्टर रोड, उत्तरेला जुहू, पूर्वेला खारच्या उंच इमारती, आणि मधे होड्या, सुकत घातलेली मासळी, जाळी आणि गल्ल्या. या भूगोलामुळे तिथे एक गंमत होते. बोटीचे इंजिन उघडणारा माणूस आणि कोटभराच्या गाडीला नळी वाकवून देणारा माणूस एकाच गल्लीत, कधी एकाच शेडमध्ये काम करतात. ट्रकसाठी घडलेली सहा सिलिंडरची डिझेल इंजिने पंखा जोडून बोटीत बसवायची, ही आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत. ट्रकच्या इंजिनाला टर्बो आला तसा तो मागोमाग बोटीतही उतरला. त्यामुळे टर्बोच्या पुढे काय असते आणि मागे काय असते, हे बोटीच्या मिस्त्रीला फार दिवसांपासून ठाऊक आहे.

मी त्या शेडमध्ये जात असे तो जुन्या इंजिनांच्या ओढीने. एका शनिवारी तिथे एक तरुण आपली ऑक्टेव्हिया घेऊन आला होता. गाडीत मोठा टर्बो बसवून झाला होता, आता प्रश्न नळीचा. तीन इंची टाकायची की साडेतीन? शिवाय त्याला कोणीतरी सांगितले होते की नळी फार मोठी केली तर ‘बॅकप्रेशर’ जाते आणि गाडी मेल्यासारखी होते. मिस्त्री हातातला पाना न ठेवता म्हणाले, “टर्बोच्या अलीकडे बारीक, पलीकडे मोकळं. बॅकप्रेशर काय लोणचं घालायला हवंय?”

ते वाक्य मला इतके नेमके वाटले की मी त्याचा माग काढायचे ठरवले. आणि माग निघाला तो थेट जहाजांपर्यंत.

आधी त्या बॅकप्रेशरचा निकाल लावतो, कारण मुंबईच्या गॅरेजांत ते अजून देवासारखे पुजले जाते. धुराला बाहेर पडताना होणारा अडथळा म्हणजे बॅकप्रेशर. इंजिनाला तो हवाहवासा असण्याचे काही कारण नाही. धूर ढकलायला जी शक्ती जाते ती चाकाला मिळायच्या शक्तीतूनच वजा होते. मग हा समज आला कुठून? माझा तर्क असा की तो टू-स्ट्रोक इंजिनांनी आपल्याला दिला. १९७० ते ९० च्या दशकांत आपल्याकडे मिस्त्री घडले ते येझदी, राजदूत, चेतक आणि पुढे आरएक्स १०० यांच्यावर. टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात. धूर बाहेर जाण्याचे आणि ताजे मिश्रण आत येण्याचे तोंड काही क्षण एकाच वेळी उघडे असते, त्यामुळे ताजे मिश्रण धुराच्या मागोमाग वाया जाऊ शकते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन या अभियंत्याने १९५० च्या दशकात यावर तोड काढली. नळी पोटाशी फुगवायची आणि पुढे पुन्हा निमुळती करायची, म्हणजे धुराची लाट उलटी फिरते आणि निसटू पाहणारे मिश्रण परत सिलिंडरमध्ये लोटते. त्या नळीचे मोल एवढे होते की १९६१ साली एमझेडचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि ते ज्ञान जपानच्या सुझुकीला मिळाले. आरएक्स १०० चा फुगीर सायलेन्सर काढून सरळ पाइप लावला की गाडी खरोखर मरते, हे ज्याने हाताने अनुभवले, त्याने ‘नळी मोकळी केली की ताकद जाते’ असा सिद्धांत बांधला तर त्याला दोष कसा द्यावा? पुढे कार्बोरेटरच्या गाड्यांनी याला दुजोरा दिला. नळी मोकळी झाली की हवा जास्त ओढली जाते, पेट्रोल तेवढेच राहते, मिश्रण पातळ होते आणि गाडी अडखळते. दोष जेटचा, नाव बॅकप्रेशरचे.

टर्बोच्या गाडीत तर चित्रच निराळे. टर्बोचार्जर म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेली दोन चाके. धूर एका चाकाला फिरवतो, ते दुसऱ्याला फिरवते, आणि दुसरे चाक हवा दाबून इंजिनात भरते. ही कल्पना स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावच्या आल्फ्रेड ब्युखीची. जन्म १८७९ चा. १९०५ साली त्याने पेटंट घेतले तेव्हा तो पंचविशीच्या पुढेमागे होता. इंजिनात जळलेल्या इंधनाची बरीचशी उष्णता धुरावाटे फुकट जाते, तिला कामाला लावायचे, एवढाच त्याचा हट्ट. सुल्झर कारखान्यात त्याने वर्षानुवर्षे प्रयोग केले, पण मनासारखे फळ मिळेना. हवेचा दाब आणि धुराचा दाब यांचे गणित जुळत नव्हते. सिलिंडरमधला धूर बाहेर रेटायला हवा लागते जास्त दाबाची, आणि त्याच धुराची वाट अडवून चाक फिरवायचे, अशी ती ओढाताण.

दरम्यान पहिले महायुद्ध आले आणि टर्बो विमानांकडे गेला. फ्रान्समध्ये ऑग्यूस्त रातो, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचा सॅनफर्ड मॉस. मॉसची चाचणी वाचताना मजा येते. १९१८ साली त्याने लिबर्टी विमानाचे इंजिन ट्रकवर चढवून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटी डोंगराच्या माथ्यावर नेले. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे इंजिन विरळ हवेत २३० वर आले. टर्बो जोडताच ३५६. डोंगरावर त्याने समुद्रसपाटी आणली. पण विमानाला नळीच्या व्यासाची चिंता कमीच, कारण चाकातून निघालेला धूर तिथल्या तिथे उघड्यावर सोडता येतो. प्रश्न खरा सुटला तो जहाजावर.

१९२५ साली ब्युखीने दुसरे पेटंट घेतले आणि माझ्या मते त्याचे मोठेपण पहिल्यापेक्षा या दुसऱ्यात आहे. सगळ्या सिलिंडरांचा धूर एका मोठ्या पिंपात गोळा करून चाकावर सोडण्याऐवजी त्याने दोनतीन सिलिंडरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला स्वतंत्र, अरुंद नळी दिली. झडप उघडताच धूर एखाद्या ठोशासारखा बाहेर पडतो. मोठ्या पिंपात तो ठोसा विरून जातो. अरुंद, आखूड नळीत तो जिवंत राहतो आणि चाकावर जाऊन आदळतो. दोन ठोशांच्या मधे नळीतला दाब खाली येतो, तेवढ्यात ताजी हवा सिलिंडर धुऊन काढते. ‘प्रॉइसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरी इंजिनांवर ही युक्ती वापरली गेली आणि १७५० अश्वशक्तीचे इंजिन २५०० देऊ लागले. चाकाच्या अलीकडची नळी अरुंद का, याचे उत्तर तिथे आहे. आणि चाकाच्या पलीकडची? तिथे ठोशाचे काम संपलेले असते. आता धुराने फक्त वाट मोकळी करायची. म्हणून जहाजाचे धुराडे रुंद.

पलीकडचा अडथळा किती महाग पडतो, ते एका साध्या हिशेबाने दाखवतो. चाक फिरते ते नुसत्या दाबावर नव्हे. अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब यांच्या गुणोत्तरावर. समजा चाकाला हवे ते काम करायला २.७ चे गुणोत्तर लागते. पलीकडे जवळपास वातावरणाचा दाब, म्हणजे १.१ बार असेल, तर अलीकडे ३ बार पुरतात. पण बारीक नळीमुळे पलीकडे १.५ बार तुंबले, तर तेच गुणोत्तर राखायला अलीकडे ४ बारच्या वर दाब लागतो. पलीकडे वाढला ०.४, अलीकडे वाढला एकाहून जास्त. आणि हा वाढलेला दाब इंजिनाच्या पिस्टनलाच रेटावा लागतो. साध्या इंजिनात नळीचा अडथळा रुपयाला रुपया घेतो. टर्बोच्या इंजिनात तो सावकारी व्याज लावतो.

आता इंचांकडे. पेट्रोलच्या ५०० अश्वशक्तीला, ढोबळ मानाने, दर मिनिटाला २२ ते २३ किलो हवा लागते. म्हणजे सेकंदाला सुमारे ३८० ग्रॅम. त्यात इंधन मिसळून ४१० ग्रॅमच्या आसपास धूर. आत येताना ही हवा तिनशे-सव्वातीनशे लिटर असते. पण टर्बोनंतर सातशे अंश सेल्सियसला ती फुगून अकराशे लिटरच्या वर जाते. दहा बाय दहाची खोली पंचवीस सेकंदांच्या आत भरेल एवढा धूर. हा धूर अडीच इंची नळीतून काढायचा म्हटले तर त्याचा वेग सेकंदाला चारशे मीटरच्या जवळ जातो. तीन इंचीत तो सुमारे २७०, साडेतीन इंचीत १९५, चार इंचीत १५०. एवढ्या तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ६०० मीटर असतो. म्हणजे अडीच इंची नळीत धूर ध्वनिवेगाच्या दोन तृतीयांशाने पळत असतो आणि तिथे अडथळा भयानक वाढतो. चाळीस टक्क्यांच्या आत ठेवला तर इंजिन सुखी. म्हणून साडेचारशे अश्वशक्तीपर्यंत तीन इंची, त्यापुढे सहा-साडेसहाशेपर्यंत साडेतीन, आणि त्याच्या वर चार, असा जो ठोकताळा गॅरेजांत ऐकू येतो तो हवेतला नाही. त्याच मापाने पाहिले तर चाळीस अश्वशक्तीच्या जुन्या पद्मिनीला दीड इंची नळी आरामात पुरते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या त्या गाड्यांच्या मिस्त्र्याला व्यासाचा विचार करायची वेळच आली नाही. त्याची लढाई गंजाशी होती.

व्यासात अर्ध्या इंचाने एवढा फरक का पडावा? यामागे एक जुना नियम आहे. तेवढाच प्रवाह न्यायचा असेल तर नळीतला घर्षणाचा अडथळा व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. अडीचची तीन इंची केली की अडथळा अडीच पटींनी घटतो. तीनची चार केली की चार पटींहून जास्त. हे सूत्र मोटारींचे नाही, पाण्याच्या नळांचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीचा यूलियस वाइसबाख आणि फ्रान्सचा आंरी दार्सी यांनी ते घडवले. दार्सी हा दिजाँ गावचा. आपल्या गावाला त्याने नळाचे पाणी दिले आणि पुढे नळांतल्या प्रवाहावर प्रयोग करून १८५७ साली ते प्रसिद्ध केले. तीनच वर्षांनी मुंबईला विहारचे पाणी आले. मुंबईकरांना तानसाच्या बहात्तर इंची जलवाहिन्यांचा आकार पाहून अचंबा वाटतो. त्या एवढ्या जाड का, याचे कारण आणि टर्बोच्या मागची नळी जाड का, याचे कारण एकच.

दिजाँचे नाव या कथेत आणखी एकदा येते, आणि योगायोग असूनही मला तो सोडवत नाही. १९७७ साली रेनोने फॉर्म्युला वन शर्यतीत टर्बोची गाडी उतरवली. ती इतक्यांदा धूर सोडत बंद पडे की इंग्रज तिला पिवळी किटली म्हणू लागले. १ जुलै १९७९ रोजी त्या टर्बोने पहिली शर्यत जिंकली, जाँ-पिएर जाबुईच्या हातून, आणि ती दिजाँच्या मैदानावर. दार्सीच्या गावात. पुढच्या सातआठ वर्षांत दीड लिटरची इंजिने पात्रता फेरीपुरती हजार अश्वशक्तीच्या पुढे गेली. त्यांची छायाचित्रे पाहावीत : चाकाच्या अलीकडे बोटांसारख्या बारीक, सारख्या लांबीच्या नळ्यांचे जाळे, आणि पलीकडे एक आखूड, जाड तोंड. ब्युखीचे १९२५ चे चित्रच. १९८९ पासून टर्बोवर बंदी आली, २०१४ साली तो परतला.

मोटारीत मात्र टर्बो आधी डिझेलवाल्यांनी आणला, हे विसरले जाते. १९५२ च्या इंडियानापोलिस शर्यतीत कमिन्स कंपनीने डिझेलची टर्बो गाडी उतरवली. फ्रेड अगाबाशियनने तिच्यावर पात्रतेत पोल पोझिशन मिळवली. शर्यतीत ७१ फेऱ्यांनंतर ती थांबली. टर्बोचे तोंड खाली, नाकाशी होते आणि रस्त्यावरचा टायरचा चुरा ओढून ते तुंबले. सगळ्यांनी धूर जायच्या वाटेची काळजी घेतली, दगा दिला हवा यायच्या वाटेने. ही कमिन्स कंपनी त्याच कोलंबस गावची, जिथल्या रीव्हज बंधूंनी सायलेन्सरचे पेटंट घेतले होते. आणि १९६२ साली पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर-कमिन्स उभी राहिली, त्यामुळे कोलंबसचे ज्ञान मराठी हातांत आले. त्याच १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि कॉर्व्हेअर या टर्बोच्या पहिल्या घरगुती मोटारी विकायला निघाल्या. मात्र आपल्याकडे टर्बो ट्रक, जनरेटर, बोट आणि रेल्वे इंजिन यांतच राहिला. घाटात डब्ल्यूडीएम-२ इंजिन जोर लावताना जो काळा लोट सोडी, तो टर्बोला वेग घ्यायला लागणाऱ्या उशिराचाच. डिझेल आधी पोचे, हवा मागून.

घरगुती गाडीत तो आला नव्वदीच्या उत्तरार्धात, पुण्याच्या टाटा सिएरातून, सुमारे नव्वद अश्वशक्तीचा. पण ज्याने मुंबईच्या पोरांना वेड लावले तो पेट्रोलचा टर्बो आला औरंगाबादहून. शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी होणाऱ्या स्कोडा ऑक्टेव्हियाची आरएस आवृत्ती २००४ च्या सुमारास निघाली. १.८ लिटर, १५० अश्वशक्ती. आज हा आकडा किरकोळ वाटतो, पण त्या इंजिनाचे पोट दणकट होते, मोठा टर्बो बसवला की ते दुप्पट ताकद सोसत असे. कारखान्याची नळी दीडशेसाठी बेतलेली. तीनशेला ती गळा दाबणारच. ‘डाउनपाइप’ हा शब्द आपल्या गॅरेजांत रुळला तो याच गाडीमुळे, असे मला वाटते. टर्बोच्या बुडाशी जोडलेला हा पहिला हात-दीड हात सर्वांत महत्त्वाचा. चाकातून निघालेला धूर भोवऱ्यासारखा फिरत असतो. त्याला एकदम वळण दिले किंवा एकदम मोठ्या पोकळीत सोडले तर तो तिथेच घुटमळतो. म्हणून तोंडाशी हळूहळू रुंदावत जाणारा शंकू असावा, आणि पहिले वळण जमेल तितके दूर. पुढे धूर थंड होत आकसत जातो, त्यामुळे शेपटीकडची नळी अर्धा इंच बारीक असली तरी बिघडत नाही. खर्च करायचा तर पहिल्या दोन फुटांत करावा. लोक करतात शेवटच्या दोन फुटांत, कारण तो भाग मागून दिसतो.

लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर गेल्या दशकात ‘व्हॅली रन’ नावाच्या सरळ रेषेतल्या शर्यती होऊ लागल्या. वेळेचा काटा खोटे बोलत नाही, आणि तिथे गेलेल्यांचा अनुभव असा की सर्वांत जास्त गरजणारी गाडी सर्वांत वेगवान असतेच असे नाही. टर्बोचे चाक स्वतःच धुराच्या ठोशाचा बराच भाग खाऊन टाकते. टर्बोच्या इंजिनाचा आवाज मुळात दबका. साडेतीन इंची नळीवर मोठ्या पोटाचा, आतून सरळ भोके असलेल्या नळीचा, भोवती काचतंतू भरलेला सायलेन्सर बसवला, तर धुराला अडथळा जवळजवळ नाही आणि आवाजही बेताचा. व्यास ताकदीसाठी असतो, आवाज मालकाच्या हौसेसाठी. त्या दोन्ही गोष्टी एकाच बिलावर येतात म्हणून एकच वाटतात.

कायद्यालाही त्या एकच वाटतात, आणि इथे मला दोन्ही बाजू दिसतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम प्रत्येक वाहनाला सायलेन्सर सक्तीचा करतो. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कारखान्याने ठरवलेल्या घडणीत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अधिक घट्ट केले. आवाज-धुराच्या मर्यादा ओलांडल्या तर त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांपर्यंत. शिवाय १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना उत्प्रेरक डबा सक्तीचा झाला. मोठी नळी टाकताना पुष्कळजण तो डबाच कापून फेकतात, आणि त्याचा धूर नंतर सगळ्यांच्या छातीत जातो. त्यामुळे राज्यातल्या शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोलर फिरवतात तेव्हा मला वाईट वाटत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २००० सालच्या नियमांची मर्यादा आहे, आणि दांड्याच्या गल्लीत बाळंतिणी आहेत, रात्रपाळीहून आलेले आहेत, पहाटे तीनला समुद्रावर जाणारे आहेत. फक्त रोलरखाली गेलेली प्रत्येक नळी चपटीच दिसते. नीट मापून, डबा जागेवर ठेवून, आवाज आवरून केलेले काम आणि नुसते पिंप कापून केलेला गोंगाट यांत फरक करणारे मापयंत्र चौकातल्या हवालदाराच्या हाती क्वचितच असते.

आणि आवाजाची खरी किंमत कोण मोजतो? बोटीचे इंजिन दोनतीन पावलांवर, धुराची नळी दोरीने गुंडाळून सरळ वर काढलेली, सायलेन्सर असला तर नावापुरता. अशा बोटीवर तीस वर्षे काढलेल्या माणसांशी बोलायचे तर मोठ्याने बोलावे लागते, हे कोळीवाड्यात सगळ्यांनाच ठाऊक आहे. ज्या मिस्त्रींनी मला ब्युखीचा नियम एका वाक्यात सांगितला, त्यांच्या डाव्या बाजूला उभे राहून काही विचारले तर उत्तर येत नाही. हौशी गाडीवाल्याला रविवारी सकाळी पंधरा मिनिटे हवा असलेला आवाज या माणसांनी पोटासाठी जन्मभर घेतला.

ऑक्टेव्हियाच्या मालकाला हवी होती साडेतीन इंची. हिशेबाने ती बरोबरही होती. गाडी सव्वाचारशेच्या आसपास जाणार होती आणि उद्या आणखी वाढवायची भूक असणारच. मिस्त्रींनी गाडी उचलून खाली वाकून पाहिले, पट्टी लावली आणि डाउनपाइप साडेतीनचा, पुढे सगळी तीनची असे सांगितले. पोराने का म्हणून विचारले. तीन इंची नळी, तिच्याभोवती बोटभर मोकळी जागा, वर उष्णता अडवणारा पत्रा, हे सगळे गाडीच्या पोटाखाली मावायला हवे. साडेतीन टाकली तर ती सगळ्यात खालची वस्तू होते. “धावपट्टीवर चालेल,” ते म्हणाले, “पण तू राहतोस कुठे? इथून लिंकिंग रोडपर्यंत स्पीडब्रेकर किती आहेत, मोजलेस का कधी?”

पोराने मोजले नव्हते. मी मागाहून मोजायला निघालो, पण पालिकेने त्या आठवड्यात रस्ता खणला होता.